लोखंड उतरलं

सियागंजात लोखंड दोन तऱ्हांनी उतरतं:
एक फोनवर, सकाळी अकराच्या भावात,
दुसरं ट्रकमधून, रामरतन हमालाच्या पाठीवर.
एकोणीस वर्षं मी दोन्ही वहीत लिहिते आहे.

तिसरी तऱ्हा जुझर घेऊन आला,
हातिमभाईंचा पुतण्या, पुण्याहून धातूंचं शिकून,
सोनेरी किनारीची टोपी अजून कडक.
मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाला,
"चाचा, कुराणात सरळ लिहिलंय: आम्ही लोखंड उतरवलं.
उतरवलं! आणि लोखंड पृथ्वीवर बनतच नाही,
ताऱ्याच्या पोटात बनतं, तारा फुटतो, मग इथे येतं.
चौदाशे वर्षांपूर्वी, वाळवंटात, कुणाला ठाऊक होतं हे?"

हातिमभाई पाटणीपुऱ्याच्या सुताराला
तीन इंची खिळे तोलून देत होते.
"गुरांबद्दलही तेच लिहिलंय," ते म्हणाले,
"आठ उतरवली, नर-मादी मिळून.
बकरी कुठल्या ताऱ्यातून आली, बेटा?"

रामरतन हसला. सुतारही.
जुझरने आणखी काढलं: गर्भातला गोळा,
डोंगरांच्या मेखा, दोन समुद्र आणि मधला पडदा.
प्रत्येकाचा एक व्हिडिओ होता
आणि प्रत्येक व्हिडिओत कोट घातलेला
कुणीतरी गोरा प्राध्यापक थक्क होत होता.

"फणसेबाई, तुम्ही सांगा. तुम्ही फिजिक्सवाल्या."

होळकर कॉलेज, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. दुसरं राहिलं.
तेवढ्या भांडवलावर सांगितलं:
ताऱ्याचं खरं आहे. पुस्तकाचं मला माहीत नाही.
"म्हणजे अर्धं मान्य!"
नाही रे, म्हणजे अर्धं माहीत नाही.

आमच्या घरी विमान आणि अणुबाँब
वडील रोज रात्री महाभारतातून काढत,
भाताची मूद मोडता मोडता.
मी आमटी वाढत असे आणि वाटीकडे बघत असे.
हे जुझरला सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही. सवय.

हातिमभाईंनी पुडीचा दोरा हातातच ठेवला.
"उद्या तुझे साहेब म्हणाले, ताऱ्याचं जरा चुकलं,
तर आयत कुठे ठेवणार? भंगारात?"
"हे आता चुकणार नाही, चाचा. सिद्ध झालंय."
मला म्हणायचं होतं की चुकत चुकत जाणं
हाच तर विज्ञानाचा धंदा,
पण सुतार बिलासाठी हात पुढे करून उभा होता.

"आणि लोखंडाच्या आधी काय आहे? त्याच आयतीत?"
जुझरने पडद्यावर बोट वर सरकवलं.
वाचलं. पुन्हा वाचलं.
"किताब," म्हणाला, "आणि मीज़ान."
"बाईंना समजेल असं सांग."
"तराजू."

पंखा फिरत होता. मी दुपारची गोळी काढली,
लोहाची, साडेआठ हिमोग्लोबिनवरची.
घशाखाली लवकर उतरेना.

काउंटरवर आमचा काटा, इलेक्ट्रॉनिक,
शिक्का मागच्या सालचा.
खिळे उचलून झाले होते
आणि रिकाम्या ताटलीवर लाल आकड्यांत
वीस ग्रॅम उभे होते.
दिवाळीपासून उभे आहेत. मी पाहिलेत.
हातिमभाईंनीही पाहिले असणार,
नसतीलही, मोतीबिंदू आहे,
पण त्यांनी न मोजता मूठभर खिळे
सुताराच्या पुडीत टाकले
आणि कुणाकडेच बघितलं नाही.

जुझर वाकला. ताटलीवर फुंकर मारली.
तांबूस गंज उडाला, दाराच्या उन्हात
घटकाभर तरंगला, आणि कुठे बसला कोण जाणे.
आकडा पंधरा.
पुन्हा फुंकर. पंधराच.

"बंद करून चालू करा, भैया,"
रामरतन म्हणाला,
आणि बाहेर ट्रक लागला होता म्हणून गेला.